काल्पनिक जहाजावर खरा स्फोट: एका सल्लासेवेचे परीक्षण

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी तांत्रिक सल्ला देणारी एक छोटी सेवा मी नुकतीच वापरली. आपण आपल्या काल्पनिक अंतराळयानाचे वर्णन पाठवायचे, त्याच्यावर कोणता हल्ला होणार आहे ते सांगायचे, आणि मग ही मंडळी कागदावर तो हल्ला घडवून आणून आपले यान कुठे फुटते, का फुटते आणि ते वाचवायचे झाले तर काय करावे लागेल याचा अहवाल देतात. शुल्क कथेच्या लांबीवर नसून प्रश्नांच्या संख्येवर आकारले जाते, आणि अहवालानंतर शंकानिरसनाची एक फेरी त्यातच धरलेली असते. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि दोन-तीन माणसांनी सांभाळलेल्या कामाला एका ग्राहकाच्या अनुभवावरून नावे ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय अशा सेवेकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे नावावाचूनही सांगता येते.

मी पाठवलेले यान असे होते: वजन १,००० टन, समोरून दिसणारे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर, सर्व बाजूंनी सव्वा सेंटिमीटर जाड पोलादी चिलखत, आत अकरा माणसे. शत्रू १ मेगाटनचा, म्हणजे दहा लाख टन टीएनटी या स्फोटकाएवढ्या ताकदीचा, अणुबाँब यानापासून १ किलोमीटरवर फोडतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात यान त्या दणक्याने वादळातल्या होडीसारखे भिरकावले जात होते, दिवे विझत होते, कप्तान खुर्चीवरून खाली पडत होता आणि चिलखताला फक्त तडे जात होते. प्रसंग लिहून झाला तेव्हा मला तो चांगला साधला आहे असेच वाटत होते.

अहवालाच्या पहिल्याच पानाने त्या होडीतली हवा काढून घेतली, आणि ती अक्षरशः हवेच्याच मुद्द्यावरून. जमिनीवरच्या अणुस्फोटात जो दणका आपण कल्पनेत पाहतो तो हवेमुळे निर्माण होतो. बाँबमधून बाहेर पडणारे क्ष-किरण आसपासची हवा शोषून घेते, ती तापून आगीचा गोळा होतो आणि त्याच्या प्रसरणातून दाबाची लाट निघते. निर्वात पोकळीत हवा नाही, म्हणून लाटही नाही. तिथे बाँबची सुमारे ७० ते ८० टक्के ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपात थेट बाहेर पडते आणि वाटेत काही आले नाही तर तशीच पसरत जाते. थोडक्यात, माझ्या यानावर आदळणारी गोष्ट धक्का नसून उजेड होती, फक्त तो उजेड डोळ्यांना न दिसणारा आणि अतोनात प्रखर होता.

यानंतरचे गणित अहवालात इतक्या नीटनेटक्या रीतीने मांडले आहे की भौतिकशास्त्र शाळेत सोडून दिलेल्या वाचकालाही ते पायरीपायरीने कळावे. १ मेगाटन म्हणजे ४.१८४ × १०^१५ जूल. ही ऊर्जा १ किलोमीटर त्रिज्येच्या गोलावर पसरली की दर चौरस मीटरला सुमारे ३३३ मेगाजूल येते. अंतर १० किलोमीटर केले की तीच ३.३ मेगाजूलवर उतरते आणि १०० किलोमीटरवर ३३ किलोजूल उरते. अंतर दहापट तर मारा शंभरावा हिस्सा, एवढा हा सरळ नियम आहे. अहवाल लिहिणाऱ्याने इथे समासात एक वाक्य टाकले आहे की पोकळीतले सर्वांत हलके चिलखत म्हणजे अंतर, कारण त्याला वजन नसते. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर लिहून लावले आहे.

मात्र खरी मौज पुढे आहे. मला वाटले होते की ३३३ मेगाजूल पडले तर पोलाद वितळेल, फार तर भोक पडेल. अहवाल सांगतो की क्ष-किरण खोलवर जात नाहीत, ते पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात शोषले जातात. तो थर क्षणार्धात वायुरूप होऊन प्रचंड वेगाने बाहेर उडतो आणि तोफेचा गोळा सुटताना तोफ जशी मागे ढकलली जाते तसे उरलेले चिलखत आत ढकलले जाते. चौरस मीटरमागे १ किलो पदार्थ उडाला असे धरले तर त्याचा वेग सेकंदाला २५ किलोमीटरच्या आसपास भरतो. आता हाच संवेग (वजन गुणिले वेग) अख्ख्या यानाला वाटून दिला तर १,००० टनांचे यान सेकंदाला जेमतेम अडीच मीटरने सरकते, म्हणजे रमतगमत धावणाऱ्या माणसाच्या वेगाने. माझी होडी तिथेच बुडाली. पण तोच संवेग फक्त चिलखताच्या पत्र्याने सोसला तर? सव्वा सेंटिमीटर पोलादाचे वजन चौरस मीटरमागे साधारण १०० किलो असते आणि तो पत्रा सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने यानाच्या पोटात घुसतो. यान जागच्या जागी राहते आणि त्याची कातडी आतल्या माणसांवर येऊन आदळते. मी ज्याला संरक्षण समजत होते तेच शत्रूचे शस्त्र ठरले. शिवाय धातूतून जाणारी दाबाची लाट मागच्या पृष्ठभागावर पोचून परतताना तिथले कपचे उडवते. म्हणजे पत्रा जागेवर राहिला तरी आतल्या बाजूने गोळीबार ठरलेलाच.

हा परिच्छेद वाचून मी दोन दिवस कथेला हात लावला नाही. सेवेचे मोल मला इथे कळले. चूक दाखवून थांबणारे सल्लागार पुष्कळ भेटतात. इथे चुकीच्या जागी तिच्यापेक्षा भयंकर, आणि म्हणून कथेला अधिक उपयोगी, असे चित्र हाती दिले गेले.

उपायांच्या भागात अहवाल इतिहासाकडे वळतो आणि ते वळण अस्थानी वाटत नाही. अणुस्फोटापुढे टिकणारे यान या विषयावर माणसांनी खरोखर काम केलेले आहे. अमेरिकेतल्या ‘ओरायन’ प्रकल्पात १९५८ ते १९६५ या काळात टेड टेलर, फ्रीमन डायसन हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी अणुबाँब मागे फोडत त्यांच्या रेट्यावर यान पुढे नेण्याचा विचार करत होते. त्या यानाच्या शेपटीला जाडजूड ढकलपाटी आणि ती व यान यांच्या मध्ये शॉक ॲब्सॉर्बर असणार होते, जेणेकरून पाटीला बसणारा क्षणिक तडाखा माणसांपर्यंत सावकाश पोचावा. पाटी झिजू नये म्हणून प्रत्येक स्फोटाआधी तिच्यावर तेलाचा फवारा मारण्याची योजना होती, म्हणजे उडून जायचे ते तेल उडून जाईल. ग्रॅफाइटचा लेप दिलेले पोलादी गोळे अणुचाचणीच्या अगदी जवळ टांगले असता वरचा नाममात्र थर सोडून शाबूत राहिले होते, या निरीक्षणाचा त्या कल्पनेला आधार होता. १९६३ च्या अंशतः अणुचाचणीबंदी कराराने अंतराळातले अणुस्फोट निषिद्ध ठरवले आणि प्रकल्पाच्या पायाखालची वाळू सरकली. माझ्या यानाला यातून दोन गोष्टी मिळाल्या: चिलखत आणि मुख्य सांगाडा यांच्यामध्ये दबून चिरडला जाणारा पोकळ जाळीदार थर, आणि पोलादाऐवजी बाहेरून कार्बन. ग्रॅफाइटचे एक किलो वायुरूप करायला साधारण ६० मेगाजूल लागतात, ॲल्युमिनियमला त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. आकडा एकदा पाहिला की कोणता पदार्थ बाहेर लावावा हे वेगळे सांगावे लागत नाही.

आकाराबद्दलचा सल्ला मी थोडक्यात सांगते. यान सुईसारखे निमुळते करावे आणि टोक स्फोटाकडे धरावे. १० अंशांचा उतार असलेल्या बाजूवर तीच ऊर्जा जवळजवळ सहापट क्षेत्रफळावर पसरते. पडद्यावरची याने शत्रूला आडवी बाजू का दाखवतात हे मला पूर्वीही कळले नव्हते. आता ते पाहवतही नाही.

अहवालातली सर्वांत सुंदर कल्पना ‘छत्री’ची. यानाच्या पुढे १०० मीटरवर अर्धा मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा मोकळा सोडायचा. बाँबच्या क्ष-किरणांपैकी मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण एवढ्या जाडीत बहुतांशी अडतात. पत्रा अर्थातच नाहीसा होतो, पण त्याची वाफ १०० मीटरचे अंतर कापेपर्यंत चहूकडे फाकते आणि यानावर तिचा थोडाच भाग येतो. २० मीटर लांब आणि २० मीटर रुंद छत्रीचे वजन ५४० किलो, म्हणजे १,००० टनांच्या यानात अशा कितीतरी छत्र्या घड्या घालून ठेवता येतील. माझ्या मूळ चिलखताने यापेक्षा कितीतरी पट वजन खाल्ले होते आणि काम उलटे केले होते. छत्री एकदाच वापरता येते, हे अहवालाने नोंदवले आहे. शत्रूने एकामागोमाग दोन बाँब फोडले तर दुसऱ्याच्या वेळी आकाश उघडे असते.

पण इथेच अहवाल एक मोठी गोष्ट विसरला. माझे यान पळत होते. त्याचे इंजिन सेकंदाला ०.१ मीटर प्रतिसेकंद इतके मंद त्वरण देते, हे मी पहिल्याच पानावर लिहिले होते. पुढे मोकळी सोडलेली छत्री स्वतः त्वरण घेत नाही, त्यामुळे मागून येणारे यान सुमारे ४५ सेकंदांत तिच्यावर जाऊन धडकते. हा हिशेब मी स्वतः कागदावर केला, कारण कप्तान छत्री उघडण्याचा हुकूम देतो तो प्रसंग लिहिताना इंजिन चालू ठेवायचे की बंद करायचे हे मला ठरवता येईना. शंकानिरसनाच्या फेरीत मी हे विचारले तेव्हा उत्तर प्रांजळ आले: चूक झाली, इंजिन बंद करा, किंवा छत्री लांब दांड्यावर बसवा आणि त्या दांड्याचे वजन सोसा. उत्तर बरोबर आहे. मात्र यानाची गती दिलेली असताना स्थिर यानासाठी उपाय सुचवणे हा निष्काळजीपणाच म्हणावा लागेल. माझ्या पदरात त्यातून फायदा पडला, ही गोष्ट वेगळी. पळायचे असेल तर छत्री नाही आणि छत्री हवी असेल तर पळणे नाही, असा पेच कप्तानापुढे उभा राहिला आणि कथेचे तिसरे प्रकरण त्याच्यावरच उभे आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर. अहवालाने स्फोट सर्व दिशांना सारखा पसरतो असे सर्वत्र धरले आहे. शत्रूचा बाँब ‘दिशा दिलेला’ आहे हे माझ्या प्रश्नात नमूद होते आणि ही काही केवळ कथाकाराची कल्पना नव्हे, कारण ओरायनच्या बाँबांनाही आपली ऊर्जा ढकलपाटीच्या दिशेने एका अरुंद शंकूत सोडायची होती. समजा सगळी ऊर्जा साडेबावीस अंश कोनाच्या शंकूत गेली, तर त्या शंकूत सापडलेल्या यानावरचा मारा सुमारे शंभरपट होतो. म्हणजे १० किलोमीटरवरचा बाँब १ किलोमीटरवरच्या साध्या बाँबाएवढा घातक ठरतो आणि समासातले ते सुंदर वाक्य, अंतराला वजन नसते हे, निम्म्याहून अधिक किंमत गमावून बसते. प्रत्यक्षात सगळी ऊर्जा अशी वळवता येणार नाही हे मान्य, तरी या शक्यतेला अहवालात एक परिच्छेद मिळायला हवा होता. विचारल्यावर तो मिळाला, पण प्रश्नांवर शुल्क घेणाऱ्या सेवेने प्रश्न पुरता वाचलेला असावा ही अपेक्षा फार नाही.

माणसांविषयीचा भाग मी सर्वांत साशंक मनाने उघडला आणि सर्वांत समाधानाने मिटला. क्ष-किरणांबरोबर बाँबमधून निघणाऱ्या न्यूट्रॉन आणि गॅमा किरणांना पातळ पत्रे आणि छत्र्या कुठल्या रोखायला. कवच शाबूत राहूनही आतली माणसे प्राणघातक मात्रा घेऊन बसू शकतात आणि पोकळीत त्या मात्रेचे अंतर कवच फाटण्याच्या अंतराहून पुष्कळ मोठे असते. उपचारांशिवाय ४ ते ५ ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) एवढी मात्रा सुमारे निम्म्या माणसांचा जीव घेते. न्यूट्रॉन रोखायला हायड्रोजन लागतो, म्हणजे सर्वांत सोपे पाणी, आणि १ किलोमीटरवरच्या मेगाटनसाठी त्याची जाडी मीटरांत मोजावी लागते. २ मीटर त्रिज्येच्या खोलीभोवती सर्व बाजूंनी दीड मीटर पाणी धरले तर वजन १४६ टन होते, यानाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. अहवालाने ते तिथेच सोडून न देता विचारले आहे की स्फोट एकाच दिशेला असताना पाणी सर्व बाजूंना कशाला? फक्त समोर, सावलीसारखे, अडीच मीटर त्रिज्येची चकती ठेवली तर ३० टनांत भागते. आणि यानात इंधनासाठी पाणी किंवा द्रवरूप हायड्रोजन आहेच, तर तीच टाकी माणसे आणि स्फोट यांच्या मध्ये बसवावी.

हे वाचताना अहवालकाराच्या लक्षात न आलेली एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी अक्षरशः उठून खोलीत फेऱ्या मारल्या. टाकीतले पाणी पळण्यासाठी वापरायचे आणि तेच पाणी आडोसा म्हणून उरायला हवे. कप्तान जितका दूर पळेल तितका उघडा पडेल. अकराजणांचा जीव वाचवायला नेमके किती टन शिल्लक ठेवायचे हा प्रश्न आता कथेतल्या यंत्रज्ञ बाई प्रत्येक प्रकरणात विचारतात आणि दर वेळी उत्तर थोडे कमी येते.

तुकड्यांच्या माऱ्यावरचे पान धावते आहे, तरी उपयुक्त आहे. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने येणाऱ्या कुठल्याही तुकड्यात त्याच्या वजनाएवढ्या टीएनटीहून किंचित अधिक ऊर्जा असते, मग तो तुकडा लोखंडाचा असो की बर्फाचा. अशा तुकड्यांसाठी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४७ मध्ये सुचवलेली युक्ती आजही वापरात आहे: मुख्य कवचाच्या पुढे अंतर सोडून एक पातळ पत्रा, ज्याच्यावर आपटून तुकड्याचा चुरा होतो आणि तो चुरा पसरून कवचावर येतो. १९८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूजवळून सेकंदाला ६८ किलोमीटर वेगाने गेलेल्या ‘जोत्तो’ यानाला अशीच दुहेरी ढाल होती. पत्रा, मोकळी जागा, मग कवच: छत्रीचीच ही धाकटी बहीण म्हणायची.

विद्युत उपकरणांबद्दल मात्र अहवाल आखडता हात घेतो. क्ष-किरण धातूतून इलेक्ट्रॉन उडवतात आणि त्यातून यानाच्या तारांमध्ये घातक प्रवाह वाहू शकतात, एवढेच दोन ओळींत सांगितले आहे. इथे उदाहरणाला जागा होती. ९ जुलै १९६२ रोजी सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर केलेल्या १.४ मेगाटनच्या ‘स्टारफिश प्राइम’ चाचणीने दीड हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या हवाईतले रस्त्यावरचे काही दिवे घालवले, आणि पृथ्वीभोवती अडकलेल्या इलेक्ट्रॉनांनी पुढच्या काही महिन्यांत अनेक उपग्रह निकामी केले. दुसऱ्याच दिवशी सोडलेला ‘टेलस्टार’ उपग्रहही त्या किरणोत्साराच्या तडाख्यातून सुटला नाही. लढाई संपल्यावरही आसमंत विषारी राहतो ही कथेसाठी केवढी मोठी देणगी, आणि ती अहवालात सापडू नये याची हळहळ वाटते.

चुंबकीय ढालीचा माझा प्रश्न त्यांनी ‘उपयोग नाही’ एवढ्या दोन शब्दांत निकालात काढला होता. क्ष-किरण, गॅमा किरण आणि न्यूट्रॉन यांच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवू शकत नाही, हे कारण मला दुसऱ्या फेरीत विचारून घ्यावे लागले. नकाराबद्दल माझी काही तक्रार नाही. फुकटच्या ढालीचा मोह प्रत्येक कथाकाराला असतो आणि तो मोडणे हेच यांचे काम आहे. पण कारणासकट नकार दिला तर लेखक त्यातून काहीतरी नवे घडवू शकतो. पूर्ण अहवाल ठरलेल्या मुदतीपेक्षा नऊ दिवस उशिरा आला, त्यातल्या एका आकृतीत छत्री यानाच्या मागे काढली होती, आणि दोन ठिकाणी मेगाजूल व किलोजूल यांची अदलाबदल झाली होती. दुसरी फेरी संपेपर्यंत हे सगळे दुरुस्त करून मिळाले.

ज्यांना आपल्या लढाईत फक्त रोषणाई हवी आहे त्यांनी या सेवेच्या वाटेला जाऊ नये, कारण इथे प्रत्येक बचावाचे वजन विचारले जाते आणि ते यानाच्या एकूण वजनातून वजा केले जाते. ज्यांना पात्रांना पेचात टाकायचे आहे त्यांनी जरूर जावे, पण प्रश्न लिहिताना यानाची गती, स्फोटाची दिशा आणि एकामागोमाग किती स्फोट होणार हे ठळकपणे, शक्य तर दोनदा लिहावे आणि आलेला प्रत्येक आकडा स्वतः एकदा करून पाहावा. मी पुढचा प्रश्न पाठवला आहे. यानाची उष्णता बाहेर टाकणारे पंखासारखे रेडिएटर लढाईच्या वेळी घडी घालून आत घेतले, तर अणुभट्टी चालू ठेवून अकरा माणसे आत किती वेळ तग धरतील? या वेळी अणुभट्टीची शक्ती मी दोनदा लिहिली आहे.